सात आणि सात-डी

संगणकाच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, असं गुजरातेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मला तीन वर्षं सांगितलं जात आहे. गमती पुष्कळ आहेत. पण त्यांतली सगळ्यात मोठी सांगायला घेतली की तिच्याबरोबर एक माणूस येतो, आणि त्याला वगळून ती सांगता येत नाही. म्हणून तीन वर्षं मी काहीच दिलं नाही. या वर्षी देतो. माझं वय बहात्तर. ज्यांच्या लॅबची ही हकीकत आहे ते डॉक्टरसाहेब आता नाहीत. रमणभाई आहेत, डभोईला, आणि त्यांना विचारूनच हे छापायला दिलं आहे.

पहिली पंचवीस वर्षं मी एका कारखान्याच्या संगणक विभागात काढली. पन्नाशी जवळ आली तेव्हा कारखान्याने तो विभागच बंद केला आणि मी फतेगंजमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. आम्ही सहा माणसं, दुसरा मजला, खाली बेकरी. दुपारी नानकटाईचा वास वर आला की कामात कुणाचं लक्ष नसायचं. वयामुळे मला तिथे प्रमुख केलं. वेबची पानं कशी बनवतात हे मात्र मला सहकाऱ्यांइतकंही येत नव्हतं.

ती कशी बनत हे थोडं सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पान म्हणजे मजकूर आणि त्यात मधे मधे पेरलेल्या खुणा. मजकूर वाचणाऱ्याला दिसतो. खुणा दिसत नाहीत, त्या काम करतात. एक खूण म्हणते, ही यादी एकेक करून दाखव. दुसरी म्हणते, हे आणि ते सारखं असेल तरच पुढची ओळ दाखव. या खुणांना टॅग म्हणतात आणि त्यांच्या संचाला टॅग लायब्ररी.

आमच्यापुढे असे दोन संच होते. आम्ही ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर काम बांधत होतो, त्याचा स्वतःचा एक संच होता. दुसरा प्रमाणित: ती भाषा सांभाळणाऱ्यांनी एकत्र बसून ठरवलेला, कुठल्याही सांगाड्याबरोबर चालणारा. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत ज्यांनी काम केलं आहे त्यांना सांगायचं तर, मशीनबरोबर पेटीत आलेले नट आवळायचे पाने आणि बाजारात मिळणारे पाने, एवढा हा फरक. पेटीतला पाना त्या मशीनला नेमका बसतो. मशीन बदललं की तो अडगळीत जातो.

गिऱ्हाईक याबद्दल कधी विचारत नाही. मांडवीच्या एका भांडीवाल्याला मी एकदा उत्साहाने हे दोन संच समजावून सांगितले होते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, यातलं पानावर काय दिसतं? मी म्हणालो, काहीच नाही. "तो पछी शेनी माथाकूट?" मग डोकेफोड कशाची, असं तो म्हणाला, आणि पातेल्यांचे फोटो मोठे करायला सांगितले. माझ्या धंद्याचं एवढं नेमकं वर्णन मी नंतर ऐकलं नाही. जे दिसत नाही त्याचीच सगळी डोकेफोड.

लॅबचं काम आलं तेव्हा आमच्याकडे मीनल नावाची मुलगी नवीन होती. वर्षाचाही अनुभव नव्हता, पण वाचायची खूप. तिचं म्हणणं, प्रमाणित संच घेऊ. तीन-चार वर्षांत फ्रेमवर्क बदललं तर पानं तरी वाचतील, आणि नवीन माणसाला आपली खास बोली शिकावी लागणार नाही. मी म्हणालो, फ्रेमवर्कचा घेऊ. फॉर्म भरताना माणूस चुकला तर त्याने लिहिलेलं जसंच्या तसं परत दाखवणं त्या संचात आपोआप होतं, दुसऱ्यात हाताने लिहावं लागतं. शिवाय सगळ्यांना तो येतो.

दोन्ही बाजू बरोबर होत्या. आजही कुणी विचारलं तर मी म्हणेन, त्या दिवशीचा माझा निर्णय वाईट नव्हता. फक्त मी दिलेलं कारण खरं नव्हतं. पन्नाशीत, जाडजूड पुस्तक समोर ठेवून, पोरासोरांच्या नकळत, सहा महिने खपून मी तो फ्रेमवर्कचा संच शिकलो होतो. तो सोडला तर मी पुन्हा तिथला सगळ्यात कच्चा विद्यार्थी झालो असतो. तेवढी ताकद माझ्यात उरली नव्हती. मीनलला मी म्हणालो, "तुझं पुस्तकात बरोबर आहे, पण इथे काम वेळेत द्यायचं असतं."

आता लॅब. डॉक्टरसाहेबांची मुख्य लॅब शहरात आणि रक्त घेण्याची तीन केंद्रं: मांडवी, फतेगंज आणि डभोई. डभोईच्या केंद्रावर रमणभाई हे एकटेच. सकाळी लोकांचं रक्त घ्यायचं, नळीवर नंबर चिकटवायचा, बर्फाच्या डब्यात नळ्या भरून साडेदहाच्या बसच्या कंडक्टरकडे डबा द्यायचा. संध्याकाळी केंद्रावरच्या संगणकावर आमचं पान उघडून रिपोर्ट छापायचे. हे छापण्याचं काम नवीन होतं आणि मीच त्यांना शिकवलं. ते त्या वेळी चाळिशीचे असतील. माउस धरायच्या आधी हात धुऊन यायचे.

नंबर मी ठरवले. प्रत्येक केंद्राचे नंबर रोज एकपासून सुरू आणि आकड्याला चिकटून, मधे रेघ न घालता, केंद्राचं इंग्रजी अक्षर. डभोई डी, फतेगंज एफ, मांडवी एम. मुख्य लॅबलाही अक्षर द्या म्हटलं, तर डॉक्टरसाहेब रागावले. मेन ती मेन, तिला शेपूट कशाला? मग मुख्य लॅबचे नंबर नुसते राहिले. म्हणजे एका दिवशी सात, सात-डी, सात-एफ आणि सात-एम असे चार वेगळे पेशंट असत. पूर्वीचं हाताने लिहायचं रजिस्टर माझ्या सल्ल्याने बंद झालं. दोन ठिकाणी एकच गोष्ट लिहिली की घोळ होतो, असं मी सांगितलं होतं.

चार-पाच महिने सगळं सुरळीत चाललं. मग डभोईहून तक्रार आली. एका बाईंना कधी साखरेचा त्रास नव्हता आणि रिपोर्टात साखर भलतीच. पुन्हा रक्त घेतलं तर ठीक. दीड महिन्याने दुसरी, मग तिसरी. तिन्ही डभोईच्या. डॉक्टरसाहेबांनी मला आणि रमणभाईंना एकत्र बोलावलं. त्यांचा निष्कर्ष झालेला होता: रमणभाई नळ्यांवर नंबर चिकटवताना अदलाबदल करतात. मला त्यांनी एकच प्रश्न विचारला, संगणक चुकला असेल का?

मी लॅबच्या संगणकावर ती तीन पानं उघडून पाहिली. पानांवर तेच आकडे होते जे छापलेल्या रिपोर्टांत होते. त्यामागचं टेबल, जिथे मशीनकडून आलेले मूळ आकडे साठवलेले असतात, ते मी उघडलं नाही. पाच मिनिटांचं काम होतं. मी म्हणालो, "संगणक चुकत नाही, डॉक्टरसाहेब. जे आत टाकलं तेच तो दाखवतो."

रमणभाई माझ्याकडे बघत होते. त्यांनी एवढंच म्हटलं की ते नंबर आधी नळीवर लावतात आणि मग सुई टोचतात, त्यामुळे अदलाबदल कशी होईल ते त्यांना कळत नाही. डॉक्टरसाहेब म्हणाले, चूक करणाऱ्याला ती कळत नाही, कळली असती तर केली नसती. महिनाअखेरीस रमणभाईंना काढलं. डभोईसारख्या गावात ही गोष्ट दोन दिवसांत सगळ्यांना माहीत झाली.

त्यानंतर अकरा दिवसांनी चौथी तक्रार आली, आणि ती फतेगंजची होती.

तिथे डॉक्टरसाहेबांचा भाचा बसायचा. त्याच्यावर ते थोडे ओरडले आणि विषय संपला. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा एक साधा विचार सुचला. दोन नळ्यांची अदलाबदल झाली, तर रिपोर्ट दोन चुकायला हवेत. एकाचे आकडे दुसऱ्याकडे गेले, तर दुसऱ्याचे पहिल्याकडे आले पाहिजेत. मग चारही वेळा तो दुसरा कुठे गेला?

शनिवारची दुपार होती, ऑफिसात मी एकटाच. फतेगंजच्या त्या पेशंटचे चुकीचे आकडे घेऊन मी त्या दिवसाच्या सगळ्या यादीत शोधले. सापडले. नंबर त्यांचा नऊ-एफ होता आणि ते आकडे मुख्य लॅबच्या नऊ नंबरच्या पेशंटचे होते. नऊ नंबरची तपासणी त्या दिवशी शंका आल्यामुळे दुसऱ्यांदा केलेली होती. डभोईच्या तिन्ही केसेस काढल्या. तिन्ही दिवशी मुख्य लॅबच्या त्याच आकड्याच्या पेशंटची फेरतपासणी झालेली. टेबलात सगळं बरोबर होतं. चुकत होतं ते पान.

फेरतपासणी मुख्य लॅबच्याच पेशंटची होई, ते समोर असत म्हणून, आणि तिचे नवे आकडे वेगळ्या यादीत येत. आमचं पान यादीतल्या प्रत्येक नंबरशी तो फेरतपासणीचा नंबर ताडून बघे, आणि सारखा असेल तिथे नवे आकडे दाखवी. हे ताडून बघण्याचं काम फ्रेमवर्कच्या एका टॅगकडे होतं. म्हणजे तो टॅग नऊ आणि नऊ-एफ सारखेच समजत होता. पण मग मांडवी का नाही? नऊ-एमला तो काही करत नव्हता.

मी एक रिकामं पान बनवलं आणि त्या टॅगला एकेक जोडी देत गेलो. सात आणि सात-ए: वेगळे. सात-बी: वेगळे. सात-सी: वेगळे. सात-डी: सारखे. सात-ई: वेगळे. सात-एफ: सारखे. पुढे झेडपर्यंत सगळे वेगळे. सव्वीस अक्षरांतली फक्त दोन. मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारायला लागलो.

कारण संध्याकाळपर्यंत सापडलं. तो टॅग आपल्या परीने शहाणपणा करत असे. दोन्ही गोष्टी संख्या म्हणून वाचता आल्या तर तो त्यांना संख्या म्हणून ताडे, म्हणजे सात आणि सात पूर्णांक शून्य हे त्याला सारखेच वाटावेत. आणि आम्ही ज्या भाषेत काम करत होतो तिच्यात अशी रीत आहे की अपूर्णांकाच्या शेवटी डी किंवा एफ लिहिलं तर ती फक्त संख्येची जात समजली जाते, किंमत बदलत नाही. म्हणून सात-डी म्हणजे सात. सात-एम ही संख्याच नाही, म्हणून तिथे तो अक्षरं ताडे आणि बरोबर उत्तर देई. मीनलने सुचवलेला प्रमाणित संच अशा ठिकाणी मजकुराला मजकूर म्हणूनच ताडतो. मी तोही करून पाहिला. सात आणि सात-डी: वेगळे.

इथे एक कबुली द्यायची आहे. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा झाला तो आनंद. इतका निखळ आनंद त्या धंद्यात मला दोन-तीनदाच झाला असेल. रमणभाईंची आठवण खाली येऊन स्कूटर सुरू करताना झाली.

रविवारभर मी घरात बसून होतो. सोमवारी जाऊन डॉक्टरसाहेबांना सांगायचं, असं शंभरदा ठरवलं. पण सोमवारी सकाळी लवकर ऑफिसात जाऊन मी त्या पानावरचा फ्रेमवर्कचा टॅग काढून टाकला, प्रमाणित टॅग घातला, आणि बदलांच्या नोंदीत लिहिलं: "पानाच्या मांडणीत सुधारणा." कंपनीला दुसरी लॅब मिळायची होती. माझी ती पहिलीच मोठी जबाबदारी होती. आणि संगणक चुकत नाही हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं होतं. अशी कारणं त्या वेळी भरपूर वाटतात.

मीनलने नोंद पाहिली. तिने विचारलं, सर, तुम्ही तर फ्रेमवर्कच्याच बाजूने होतात? मी म्हणालो, विचार केला, तुझं म्हणणं पटलं. पुढची सगळी पानं प्रमाणित संचानेच करू. ती इतकी खूश झाली की मला तिच्याकडे बघवेना.

ती पुढे खूप वर गेली. मी निवृत्त झालो त्या दिवशी मुद्दाम आली आणि भाषणात तिने तीच गोष्ट सांगितली. पन्नाशीच्या प्रमुखाने वर्षभराचा अनुभव नसलेल्या मुलीचं म्हणणं ऐकलं, चूक मानली, आणि आपण आजही आपल्या हाताखालच्यांना हे उदाहरण देतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल घेतली.

गेल्या वर्षी मी तिला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सर, माझं तुम्हाला पटलं नव्हतंच." मी म्हणालो, ते खरंच बरोबर होतं. ती म्हणाली, "ते वेगळं." आणि थोड्या वेळाने, "डभोईला गेलात का?"

गेलो. रमणभाईंचं बसस्टँडपासून जवळच वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. केस पांढरे झालेत, पण त्यांनी मला लगेच ओळखलं, साहेब म्हटलं, पाणी दिलं. एक बाई मुलाच्या वह्या घेत होती. त्यांनी यादीशी वह्या ताडल्या, पिशवीत भरल्या, परत काढून पुन्हा ताडल्या. बाई ओळखीची असावी, कंटाळून म्हणाली, काका, रोजचंच आहे तुमचं. ती गेल्यावर मी बोलायला लागलो. आम्ही गुजरातीत बोललो, इथे मराठीत देतो.

मी एका वहीच्या मागच्या पानावर सात, सात-डी, सात-एफ, सात-एम लिहिलं आणि त्यांना समजावलं. त्यांनी मधे एकदाच थांबवलं. तिन्ही केसेस अशाच होत्या का? मी म्हणालो, तिन्ही. एकही त्यांच्याकडून नव्हती. ते त्या चार आकड्यांकडे बघत राहिले.

"एटले मारो हाथ नहोतो," ते म्हणाले. म्हणजे माझा हात नव्हता.

मग म्हणाले, "मी पण मानलं होतं, साहेब. सगळे म्हणतात तर माझाच हात चुकला असेल. डोळे तपासून घेतले, चांगले निघाले. तरी पुन्हा सुई धरली नाही." कधी कळलं तुम्हाला, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तुम्हाला काढल्यानंतर अकरा दिवसांनी. ते थोडं हसले. हसण्यासारखं काही नव्हतं.

"वीस वर्षं तुम्हाला डभोईची बस मिळाली नाही, साहेब?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. मला वाटलं आता ते मला जायला सांगतील. त्यांनी फोन काढला. त्यांची मुलगी नयना भरूचला असते, एका शाळेच्या ऑफिसात काम करते. बारावीनंतर तिला लॅब टेक्निशियनचा कोर्स करायचा होता. प्रवेशाचा फॉर्मही आणला होता. रमणभाईंनी जाऊ दिलं नाही. ज्या घरातला हात चुकतो तिथून अजून एक नको, असं ते तिला म्हणाले होते. हे त्यांनी मला फोन लागेपर्यंतच्या वेळात सांगितलं. मग फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला, आणि म्हणाले, "हिला सांगा. पहिल्यापासून सांगा."

मी सांगितलं. तिने मधे मधे प्रश्न विचारले, आणि ते सगळे नेमके होते. टेबलात आकडे बरोबर होते तर मशीनच्या छापील पट्ट्या कोणी ठेवत नव्हतं का? नाही. रजिस्टर का बंद केलं? मी सांगितलं. ती रडेल किंवा मला बोलेल, अशी माझी तयारी होती. तिने तसं केलं नाही. ती म्हणाली, "काका, तक्रार आली तेवढ्या चारच. पण ज्यांनी तक्रार केली नाही त्यांचं काय? मेनच्या प्रत्येक फेरतपासणीला एक डी आणि एक एफ चुकला असेल ना? त्यांची यादी काढली?"

रमणभाई फोनकडे बघत होते. त्यांचा चेहरा मला नीट सांगता येणार नाही.

मी म्हणालो, नाही काढली. ती म्हणाली, काढता आली असती? मी म्हणालो, हो. त्या सोमवारी अर्ध्या तासात निघाली असती. ती काढली असती तर तीच पुरावा झाली असती, म्हणून काढली नाही. पान दुरुस्त झालं, पण छापलेले कागद लोकांच्या घरी तसेच राहिले. आता लॅब बंद होऊन बरीच वर्षं झाली, ते टेबल कुठेच नाही.

"मग हेही लिहा," नयना म्हणाली. "नुसतं पप्पांचं नको."

म्हणून लिहितो. डभोईच्या रमणभाईंच्या हातून एकही नळी चुकली नव्हती. चूक मी निवडलेल्या टॅगची होती, आणि ती कळल्यावर लपवली ती मी. त्या आठ महिन्यांत डभोई आणि फतेगंजच्या आणखी किती लोकांनी दुसऱ्याच माणसाचे आकडे आपले समजून फाइलीत लावले, औषधं घेतली किंवा घेतली नाहीत, हे मला माहीत नाही. माहीत करून घेता येत होतं, तेव्हा मी घेतलं नाही.